रेडिओकाकांची बोलती बंद

आमच्या ह्यांना सगळे रेडिओकाका म्हणतात. डोंगरात हौसेने भटकायला येणाऱ्यांचे हे वाटाडे. लोक धापा टाकत खिंड चढतात आणि ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच! हा माग कोल्ह्याचा, या लेंड्या सांबराच्या, हसू नका, ताज्या आहेत. घरी आले की तेच सगळं मला पुन्हा. कान किटायचे माझे.

अशा माणसाच्या पदरात वनखात्याने अस्वलाचं पिल्लू टाकलं. त्याची आई दरडीखाली गेली होती. जखमी जनावरांचा निवारा आमच्या घरामागेच, तिथलं सगळं हेच बघतात. वनाधिकारी बाईंनी बजावलं, "काका, याच्यासमोर एक अक्षर काढायचं नाही. माणसाची सवय लागली तर उद्या वस्तीत शिरेल. मग जन्मभर पिंजरा."

"नाही बोलणार," हे म्हणाले. मी फिस्सकन हसले.

पण काय सांगू! माणसाचा वास लपावा म्हणून पालापाचोळ्यात लोळवलेलं घोंगडं डोक्यावरून घ्यायचे, तोंडही झाकायचे, हातात दुधाची बाटली आणि जिभेला कुलूप. पिल्लू दूध पिऊन ह्यांच्या मांडीवरच झोपायचं. बाहेर आले की माझ्यापाशी भडाभडा सुटायचे, "अगं, घोरतं ते!" एकदा पिल्लाला ताप भरला. ते ह्यांना बिलगून कण्हत होतं आणि ह्यांनी ओठ चावून रक्त काढलं, पण चकार शब्द नाही. फटीतून बघताना मलाच भडभडून आलं. बोला हो एकदाचं, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.

अस्वल चांगलं दांडगं झाल्यावर त्याला वरच्या रानात सोडलं. हट्टाने मीही गेले. हे घोंगडं पांघरून उभे, ते ह्यांच्यापासून दहा पावलांवर मुळं उकरत होतं, आणि बाई नि मी मागे झुडपाआड. बाई हळूच म्हणाल्या, "काका, आता घोंगडं काढा आणि बोला. माणूस बघून पळालं, तर सुटलं. जवळ आलं, तर परत न्यावं लागेल."

ह्यांनी घोंगडं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना काय बोलावं ते सुचेना! शेवटी घसा खाकरून म्हणाले, "बाळा, पोट भरलं का रे?"

अस्वल दचकलं. ह्यांच्याकडे बघितलं आणि झुडपं तुडवत जे पळत सुटलं, ते पार दिसेनासं झालं.

"जिंकलात की हो!" मी ह्यांचा दंड धरून ओरडले.

"घाबरलं गं," हे म्हणाले. हसत होते, आणि डोळ्यांना नुसत्या धारा. "मला घाबरलं."