अकराची मराठी उपासना

देवाशी आणि वर्तमानपत्राशी एकाच वेळी इतका घरोबा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांना काका म्हणायचो. मूळचे नगर जिल्ह्यातले, पिढीजात ख्रिस्ती. मद्रासला रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. त्याच कचेरीत मी साताऱ्याहून नवा कारकून म्हणून रुजू झालो आणि मद्रासबाहेर तांबरमला त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. पहाटे काका ओसरीत बसत, तेव्हा उजव्या मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, आणि डाव्या मांडीवर वर्तमानपत्र असे. जगात घडणारी प्रत्येक गोष्ट शास्त्रात कुठेतरी आधीच येऊन गेलेली आहे, ती शोधायचा आपल्याला फक्त कंटाळा असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. कालवा फुटो, मंत्रिमंडळ पडो, तांदळाची रांग वाढो, चहा निवायच्या आत काकांना त्यावरचा अध्याय सापडलेला असे. रशियाचा माणूस अवकाशात जाऊन आला आणि त्याला तिथे देव दिसला नाही म्हणे, हे मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "मी तेरा वर्षं रोज कचेरीसाठी बीच स्टेशनला जातोय. मला तिथे कलेक्टर दिसला नाही. म्हणून मद्रासला कलेक्टर नाहीच, असं म्हणू का?"

ओळख झाली त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "पेटी येते का रे तुला?"

"येते थोडीशी. पण काका, मी ख्रिस्ती नाही."

"ते मी बघतो. तू सूर बघ. रविवारी अकराला ये."

स्टेशनजवळच्या तमिळ चर्चची उपासना सकाळी आटोपली की बाजूच्या खोलीत काकांची मराठी उपासना भरे. भरे म्हणजे काका, काकू, जालन्याकडची एक नर्स, हवाई दलातला एक कॉर्पोरल आणि पेटीवर मी. काका मात्र पाच हजार लोक बसल्यासारखे बोलत. "मागच्यांना ऐकू येतंय ना?" असं ते दर रविवारी विचारत आणि काकू पहिल्या बाकावरून, "येतंय हो, चालू द्या," म्हणत.

काकांचं तमिळ हा तर स्वतंत्र विषय होता. तमिळ आणि मराठी शास्त्र शेजारी शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून ते तमिळ शिकले होते. त्यामुळे मंडईत भाजीवालीशीही ते जुन्या संदेष्ट्यांच्या भाषेत बोलत. आपल्याकडे एखाद्यानं "हे स्त्रिये, ही वांगी तू कोणत्या दिवशी तोडिलीस?" असं विचारावं, तसं ते ऐकणाऱ्याला वाटे. एका भाजीवालीनं दचकून पदर सावरला आणि मुकाट्यानं वांगी बदलून दिली. काकांना वाटलं, आपलं तमिळ उत्तम जमतंय.

चर्चच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली एक लाकडी पाटी होती: 'मराठी उपासना, दर रविवारी अकरा वाजता'. ड्राफ्ट्समनचं अक्षर, एक काना तिरपा नाही. पासष्ट साली हिंदीविरुद्धचं आंदोलन पेटलं, कॉलेजं बंद पडली, आणि स्टेशनावरच्या, पोस्टावरच्या देवनागरी अक्षरांवर डांबर फिरू लागलं. तमिळ चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, अतिशय सौम्य गृहस्थ. ते घरी येऊन म्हणाले, "महिनाभर पाटी उतरवून ठेवू या. आवारात शाळेची मुलं असतात, मला काळजी वाटते."

काकांनी साफ नकार दिला. "ही हिंदी नाही, मराठी आहे. मी भिऊन पाटी उतरवली तर रविवारी कुठल्या तोंडानं बोलू?" पाळक गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, चर्च त्यांचं. दगड पडले तर त्यांच्या काचांवर पडतील."  काका आठवडाभर श्रद्धेसाठी ठाम उभं राहण्यावरचं प्रवचन लिहीत होते.

त्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा फाटकाशी दहाबारा कॉलेजातले विद्यार्थी उभे होते. एकाच्या हातात डांबराचा डबा, दुसऱ्याच्या हातात ब्रश. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. काका सरळ जाऊन पाटीपुढे उभे राहिले आणि हात पसरून, त्यांच्या त्या तमिळमध्ये गरजले, "हे तरुणांनो, या अक्षरांनी तुमचा कोणता अपराध केला आहे?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग डबेवाला जो हसत सुटला, तो थांबेचना. बाकीचेही हसू लागले. चष्मा लावलेला एक मुलगा पुढे येऊन आदबीनं म्हणाला, "सार, असं तमिळ माझी आजीसुद्धा बोलत नाही. ही हिंदी नाही का?"

"मराठी. माझ्या आईची भाषा."

"आम्हीही आईच्या भाषेसाठीच आलोय, सार. पण अक्षरं तीच दिसतात. आम्ही गेलो तरी दुसरे येतील."

काका उत्तर द्यायला वळले आणि त्यांना चर्चच्या दारात उभे असलेले पाळक दिसले. पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पाठीशी रविवारच्या शाळेला आलेली लहान मुलं होती.  मग काकांनी स्वतः पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि त्या मुलाला म्हणाले, "ही बाजू कोरी आहे. शब्द मी सांगतो, तू तुझ्या अक्षरात लिही."

मुलानं डांबरानं तमिळ लिपीत 'मराठी उपासना' लिहिलं. काका एकेक अक्षर उच्चारून दाखवत होते, आणि तमिळ लिपीत नसलेला 'ठ' कसा लिहावा यावर सगळ्या मोर्च्याची चर्चा झाली.

आत गेल्यावर काकांनी प्रवचनाचे कागद घडी घालून खिशात ठेवले. "आज प्रवचन नाही," ते म्हणाले.  "मला वाटलं, मी देवासाठी उभा आहे. मी माझ्या हस्ताक्षरासाठी उभा होतो." त्या दिवशी पाळकही येऊन मागच्या बाकावर बसले. एक शब्द कळत नसताना शेवटपर्यंत बसले.

पुढे काका निवृत्त होऊन नगरला गेले. दुसऱ्याच वर्षी काका गेल्याचं काकूंचं पोस्टकार्ड आलं. ते घेऊन मी रविवारी सकाळी पाळकांकडे गेलो. त्यांनी तमिळ उपासना मध्येच थांबवून बातमी सांगितली आणि भरलेलं चर्च उभं राहिलं.  मीही त्या गर्दीत उभा होतो. सगळे खाली बसल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं हळूच विचारलं, "तुमचे कोण ते?"

"चित्तप्पा," मी म्हणालो. मराठीत आपण कुणालाही काका म्हणतो. तमिळमध्ये चित्तप्पा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, घरातला माणूस. बाईनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी तो शब्द दुरुस्त केला नाही.