भावी सदस्यांच्या गाडीचा एसी

“गॅस भर,” भाऊसाहेब म्हणाले.

“भाऊ, गॅस बराबर आहे.”

“मंग थोडा ज्यास्त भर की. काय बिघडतं?”

वसमतला नांदेड रोडवर माझं गाड्यांच्या एसीचं वर्कशॉप आहे. मे महिना, शुक्रवारची दुपार, आणि शेडसमोर ती जुनी कॅम्पर व्हॅन उभी. कॅम्पर व्हॅन म्हणजे आत पलंग, ओटा, बेसिन असलेली गाडी. पुण्याच्या कुणा हौशी जोडप्यानं फिरायला बनवून घेतली, हौस फिटल्यावर विकली, आणि ती आमच्या हट्टा गावाकडच्या भाऊसाहेबांनी आणली. ते तिला व्हॅनिटी म्हणायचे. भाऊसाहेब म्हणजे जिल्हा परिषदेचे भावी सदस्य. निवडणूक काही लागत नव्हती, त्यामुळं तीन वर्षांपासून ते भावीच होते. गाडीवर तसं लिहिलेलंही होतं.

गाडी घेतली प्रचारासाठी, पण तिला खरं काम लागलं दुसरंच. भाऊसाहेबांच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. सगळं गाव तिला माय म्हणतं. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसला नांदेडला न्यावं लागे. चार तास मशीन रक्त धुऊन काढतं आणि माणूस पार पिळून निघतं. येताना मायला पाय लांब करून पडावं लागायचं, म्हणून ही गाडी. सकाळी जाताना एसी झकास चाले. दुपारी येताना, नेमकी गरज असते तेव्हा, तो गरम वारा फेकायचा. आदल्याच दिवशी तिला रस्त्यात चक्कर आली होती. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, हिच्या हृदयाला आता ऊन झेपणार नाही, पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.

एसीचं कोणतंही दुखणं असो, आमच्या भागात औषध एकच, गॅस. खरं तर एसी थंडी तयार करतच नाही. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकायचं काम कंडेन्सरचं. म्हणजे एक बारीक जाळी आणि तिच्यावर पंखे. त्याला मोकळी हवा मिळाली की उष्णता निघून जाते. नाही मिळाली की गॅसचं प्रेशर चढत जातं, आणि फार चढलं की एक स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. मग उरतो नुसता पंखा. मी गेज लावून बघितलं तर काटा पार वर जाऊन बसला होता. अशात आणखी गॅस भरणं म्हणजे पोट फुगलेल्या म्हशीला आणखी ढेप चारणं.

या गाडीचा कंडेन्सर छतावर होता. मागच्या शिडीनं वर चढलो आणि कपाळावर हात मारून घेतला.

छताच्या चारी कडांना कंबरेएवढी लोखंडी फ्रेम. फ्रेमला चारी बाजूंनी ताणून बांधलेला फ्लेक्स. वर दोन भोंगे, आणि भोंग्यांना ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर पत्रा. या खोक्यात मधोमध बिचारा कंडेन्सर कोंडलेला. स्वतःच सोडलेली गरम हवा परत परत ओढून राहिला होता. फ्लेक्सवर चारी बाजूंनी हात जोडलेले भाऊसाहेब, आतून उलटे दिसणारे. भोंग्यांना सावली आणि मायला ऊन, असा सगळा बंदोबस्त होता.

खरं दुखणं मला तिथंच कळलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

खाली उतरलो. भाऊसाहेबांनी विचारलं, “काय दिसलं?”

“बघावं लागंल, भाऊ. गाडी ठिवून जा.”

आता तुम्ही विचाराल, बाबा, तेव्हाच का नाही सांगितलं? अहो, माझ्या वर्कशॉपची थ्री फेज लाइन आठ महिने अडून पडली होती. ती या माणसाच्या एका फोननं आली. त्याला तोंडावर कसं सांगायचं, की तुमचाच फोटो तुमच्या मायला भाजून राहिला? मी मिठाची गुळणी धरली.

ड्रायव्हर गफूरभाई गाडीची चावी द्यायला मागं राहिला होता. मी त्याला हळूच म्हणालो, “गफूरभाई, वरचा फ्लेक्स बघितला का?”

“मेरेकू पहले दिन से मालूम है, मिस्तरी,” तो म्हणाला. “पर बोलना कौन? तुम बोलते क्या?”

मी पाना शोधायला आत गेलो.

ते तीन दिवस मी जीव तोडून काम केलं. खोटं काम नव्हतं, एवढं सांगतो. गाडीच्या आतली थंड होणारी जाळी, इव्हॅपोरेटर म्हणतात तिला, उघडली. तिच्यात सभांमधला गुलाल, शेंगांची टरफलं आणि एक लग्नपत्रिका निघाली. धुऊन काढली. कॉम्प्रेसरचा पट्टा ढिला होता, ताणून दिला. खिडक्यांची रबरं चिरली होती, नवी बसवली. छताला आतून फॉइलचा फोम चिकटवला, म्हणजे पत्रा तापला तरी ऊब खाली उतरत नाही. ओट्यावरचं धूर जायचं भोक उघडंच होतं, ते बुजवलं. ड्रायव्हरच्या मागं जाड पडदा लावला, म्हणजे एसीला मायच्या पलंगापुरतीच जागा थंड करायची. जुन्या गाडीत ही सगळी कामं करायचीच असतात आणि त्यांचा फरकही पडतो. शेडच्या सावलीत पारा सव्वीसवर आला. भाऊसाहेब रविवारी गाडी न्यायला आले तेव्हा खूश झाले. म्हणाले, “बघ, म्हनलं नव्हतं? गॅसच कमी व्हता.”

मी मान डोलावली. रोग हल्याला अन् औषध पखालीला. ही म्हण मी लोकांना किती वेळा ऐकवली असेल, पण त्या दिवशी गप्प बसलो. मायच्या पलंगाशी एक थर्मामीटर तेवढं टांगून दिलं.

सोमवारी दुपारी तीनला गफूरभाईचा फोन आला. “मिस्तरी, जल्दी आव. माय को होश नै.”

नांदेडहून येताना वसमतच्या अलीकडं सात-आठ किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू होतं. गाड्यांची रांग लागली, व्हॅन अर्धा तास उन्हात उभी राहिली, कॉम्प्रेसर बंद पडला. मी मोटरसायकलवर पोचलो तेव्हा माय एका रसवंतीच्या मांडवाखाली बाजेवर पडली होती. कपाळावर ओला टॉवेल. शुद्धीवर आली होती, पण ओठ पांढरे पडलेले. मनात म्हणालो, अरे लेका, हे तू केलं.

तेवढ्यात भाऊसाहेब जीपमधून उतरले. मागं त्यांचा खास कार्यकर्ता बालाजी.

“तीन दिस गाडी ठिवून घेऊन काय केलं रे तू?” भाऊ माझ्यावर धावले. डोळ्यांत पाणी होतं. “माय चालली व्हती की माझी!”

“भाऊ, गॅस नको, हवा पायजे,” मी एकदाचं बोललो. “वरच्या फ्लेक्सनं कंडेन्सर कोंडलाय. तो काढावा लागंल.”

भाऊंनी गाडीच्या छताकडं बघितलं. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.

“फ्लेक्स?” भाऊ म्हणाले. “परवा पक्षाचे साहेब येऊन राहिले. त्यांच्याम्होरं बोडकी गाडी नेऊ? दुसरं काई सांग.”

बालाजीला अक्कल सुचली. “भाऊ, भोकं पाडू. चौकातल्या फ्लेक्सला पाडतेत न्हाई का, वाऱ्यानं फाटू नये म्हनून?”

हे खरं आहे. मोठ्या फ्लेक्सला अर्धचंद्रासारखे काप देतात. पण द्यायचे कुठं? वरच्या रांगेत पक्षाची मोठी मंडळी, त्यांना हात लावायची कुणाची छाती? मधे ऐसपैस भाऊसाहेब. राहिली खालची रांग, शुभेच्छुक कार्यकर्त्यांच्या मुंडक्यांची.

“खालून काप,” भाऊ लगेच म्हणाले.

बालाजीचं तोंड उतरलं. खालच्या रांगेत तिसरा तोच होता. माझ्या मागं मागं शिडीपर्यंत आला. “मिस्तरी, माझं तेवढं ऱ्हाऊ द्या. त्या कळमनुरीवाल्याचं कापा. त्यो तसाबी दुसऱ्या पार्टीत गेला.”

मी कुणालाच सोडलं नाही. हॅकसॉच्या पात्यानं बारा जणांचे गळे कापले, चारी बाजूंनी. गाडी चालू केली, दहा मिनिटं थांबलो. पारा चौतिसावरून तेहतिसावर आला. बारा कार्यकर्ते कामी आले आणि एक डिग्री मिळाली. कंडेन्सरच्या हवेची खरी वाट मधून होती, आणि मधे भाऊ हात जोडून उभे होते.

“काय करून राहिले रे हे?” माय बाजेवरून बोलली. आवाज बारीक, पण धार तीच. गफूरभाईनं तिला सगळं सांगितलं. भाऊंच्या फोटोच्या मागं हवा अडकली, असं सरळ सांगून टाकलं. माझ्यापेक्षा तो धीट निघाला.

“मंग ते तोंड काप की,” माय म्हणाली.

“माय, परवा साहेब येऊन राहिले...”

“परवा साहेब येतीन. गुरुवारी मला मशीनवर जायचंय. मी तवर ऱ्हाते का न्हाई, ते बघ आदी.” तिनं दम घेतला. “आन त्या तोंडाची येवढी काळजी करू नको. म्याच घडवलंय ते. मला गाडीवर बघायची गरज न्हाई.”

रसवंतीवाला हसला आणि घाईघाईनं ग्लास धुवायला लागला. भाऊसाहेबांनी माझ्याकडं हात केला. “दे इकडं ते पातं.”

ते स्वतः वर चढले. आपल्याच छातीतून पातं घातलं आणि चारी बाजूंचे चारी भाऊसाहेब खाली पाडले. मी भोंग्यांवरचा पत्रा उचकटला. जाळीला वारा लागला तसा गेजचा काटा खाली उतरायला लागला. दहा मिनिटांत सत्तावीस. मायला आत निजवलं, मी तिच्याजवळ बसून निघालो. वसमतला पोचेपर्यंत पारा पंचविसावर होता आणि तिच्या ओठांवर रंग आला होता.

वाटेत तिनं डोळे उघडले. “सुक्करवारी तू वर चढला व्हता ना रे?”

“व्हय, माय.”

“तवाच दिसलं असंन.”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. “दिसलं व्हतं.”

“मंग काहून न्हाई बोलला?”

“भाऊंची भीड पडली.”

“त्याची पडली,” माय म्हणाली. “माझी न्हाई पडली.”

तीस वर्षं या धंद्यात गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, पण त्या वाक्याएवढं काही लागलं नाही. तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता. मला रडू आलं आणि मी थर्मामीटर बघायचं सोंग केलं.

भाऊसाहेबांनी नंतर छतावरची फ्रेम काढून टाकली, तिची भोकं बुजवली आणि आपला फोटो गाडीच्या दोन्ही अंगांना रंगवून घेतला. तिथं तो कितीही मोठा असू दे, एसीचं काही बिघडत नाही. साहेब आले, जेवले, गेले. गाडीकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. निवडणूक अजून लागलेली नाही, भाऊ अजून भावीच आहेत.

मी मात्र एक शिकलो. हत्यार उघडायच्या आधी तोंड उघडायचं. बाकी सगळी रिपेअरी त्याच्या मागून.

आता दर गुरुवारी येताना ती गाडी माझ्या शेडसमोर थांबते. माय काच सरकवून विचारते, “काय दिसून राहिलं रे मिस्तरी?” मी शिडीनं वर जातो, बघून येतो, सांगतो. कधी जाळीत पाला, कधी चिमणीच्या काड्या.

मागच्या गुरुवारी भाऊसाहेबही सोबत होते. वर चढलो तर छताच्या चारी कोपऱ्यांत नव्यानं पाडलेली भोकं दिसली, फ्रेमच्या नटबोल्टाच्या मापाची. म्हणजे फ्लेक्स परत चढणार होता. खाली आलो. भाऊ माझ्याकडं बघून डोळ्यांनी नको नको करत होते. माझ्या शेडमधली थ्री फेजची मोटर मागं घरघरत होती.

मी हात पुसले आणि त्यांच्यासमोरच मायला सांगितलं.