गंजावरचं नाव

आमच्या यजमानांना, गुणवंतरावांना, एक मोजा सापडत नव्हता, दूध उतू जायच्या बेतात होतं, आणि दारावर थाप पडली.

"मोजा पायातच असेल, बघा," असं आत सांगून मी दार उघडलं. दारात रुखमाबाई! आमच्या घरचं एकही कार्य यांच्या हातच्या भाताशिवाय पार पडलेलं नाही. वैनगंगेकडच्या आपल्या गावाहून पहिल्याच काळी-पिवळी जीपने ब्रह्मपुरीला आल्या होत्या.

"बाई, साडी बदला आन् चला. संस्थेची मॅडम येऊन राह्यली. तुमी शिकलेल्या, तुमी तिले बोलण्यात गुंतवाचं. बाकी मी पाहतो."

"काऊन? काय घोळ घातला आता?"

चहाच्या कपासोबत घोळ बाहेर आला. ही संस्था गावांना छोटी छोटी मदत देते, अट एकच, काम गावानेच ठरवायचं. सभेत लटारूभाऊंना डीजे हवा होता. रुखमाबाई म्हणाल्या, "घ्या जी घ्या. लग्नात पाहुण्यायच्या पानात मंग गाणेच वाढा." पुढचं लग्न लटारूभाऊंच्याच घरी होतं. मग त्यांनीच भांड्यांसाठी हात वर केला आणि गावाची स्वतःची भांडी आली, पंगतीचा भात शिजवायचे जर्मनचे मोठाले गंज, पराती, ताटं.

आता बिननावाचं भांडं म्हणजे बेवारशी. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईचं नाव टाकावं तर बाकीच्या रुसतात. शेवटी आहेराच्या रीतीने देणाऱ्याचं टाकायचं ठरलं. प्रत्येक भांड्यावर कोरून घेतलं, 'मिथुनसाहेबाकडून सप्रेम भेट'.

"अहो, देणारी संस्था ना?"

"संस्था कोणं पाह्यली? आमच्या दारात तं मिथुनच येत जाय फटफटीवर."

मिथुन म्हणजे संस्थेचा नोकर माणूस. संस्थेच्या कामावर स्वतःचं नाव मिरवणाऱ्या एकाला आधीच घरी बसवलेलं. काल त्याने भांडी पाहिली आणि डोकं धरून ओसरीवर बसला. वर शेजारच्या गावातल्या बाया विचारू लागलेल्या, हा मिथुन कोणाचा जवाई होय?

"मग नाव खोडून टाकायचं."

"खोडलं तं चोरीचे दिसन ना, बाई!"

मी साडी बदलली.

गावात पोचलो तर मांडवाखाली चुली पेटलेल्या. विस्तवावर ठेवण्याआधी भांड्याला बाहेरून चिखलमातीचा लेप देतात, म्हणजे काजळी चिकटत नाही. पण आज लेप गळ्यापर्यंत चढला होता. ताटं कुलपात, जेवायला पळसाच्या पत्रावळी. मिथुन एका कोपऱ्यात देवाचं नाव घेत उभा.

नीलिमा मॅडम आल्या. साध्या सुती साडीतल्या, हसऱ्या. भांडी ठेवायच्या शेडला मदत द्यायची की नाही, तेही आजच ठरणार होतं.

"लेप काय छान दिलाय! आमच्या मूल गावाला आई अश्शीच द्यायची," त्या म्हणाल्या.

"जंगलची माती होय जी, चांगली चिकटते," रुखमाबाई.

मी बी.ए.ची सगळी पुण्याई पणाला लावून त्यांना वांग्याच्या भाजीवरून तांदळाच्या वाणांवर आणि तिथून त्यांच्या नणंदेवर नेलं. जेवण झालं. मिथुनच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

तेवढ्यात मॅडमनी पदर खोचला. "चला, एक गंज मी घासते. आईची आठवण आली."

"नाई जी! पाहुण्यानं खरकट्याले हात लावाचा नाई," रुखमाबाई धावल्या.

"पाहुणी कसली? मूलची लेक मी." आणि त्यांनी राख नि काथ्या घेऊन फतकल मारली.

मी नणंदेचा विषय पुन्हा काढला. उपयोग झाला नाही. माती निघत गेली तसं आधी 'भेट' निघालं, मग 'सप्रेम', मग 'कडून'. बाया आपापल्या गंजात तोंड घालून आतूनच घासू लागल्या. मिथुन बोरीच्या झाडाकडे असं बघत होता, जणू त्याला झाडांचीच तपासणी नेमून दिली होती.

मॅडमनी शेवटचा हात फिरवला, पूर्ण ओळ वाचली. "मिथुनसाहेब?"

रुखमाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "नाव आमी टाकलं. त्याले मालूमबी नव्हतं. आमच्यात देणाऱ्याचं नाव टाकतेत. आमाले देणारा म्हून तोच दिसला."

"आणि हा गळ्यापर्यंत लेप?"

"तोबी आमीच देला."

मॅडमचे ओठ हलले, पण त्यांनी हसू आवरलं. मिथुनला म्हणाल्या, "उद्या ऑफिसात भेटा." त्याचा चेहरा पुन्हा उतरला.

"मॅडम, एक मागू का जी?" रुखमाबाईंनी हात पदराला पुसले.

"शेडच ना?"

"नाई. शेड नाई भेटलं तरी चालते. मिथुनले कामावरून काढू नका."