गडी दाखवा, दर घ्या

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा औशाकडच्या आमच्या गावात पेढे वाटले गेले. पुढं पावसानं दडी मारली. पेढे वाटणारे जिल्ह्याच्या गावी घरं बांधून राहिले आणि आम्ही मायलेकी दुष्काळी कामावर गेलो.

कामावरची रीत अशी की माती खणायची गड्यानं आणि वाहून टाकायची बाईनं. खणण्याचा दर जास्त, वाहण्याचा कमी. माझा बाप हैदराबादेत कामाला गेलेला, त्याच्याकडून काही येत नव्हतं. म्हणून आईनंच टिकाव उचलला. ती खणायची, मी टोपली वाहायची. घरातली चूल त्यावरच चालायची.

पहिल्या मोजणीला मुकादमानं टेप लावला आणि खूश झाला. "कुणी खांदलाय खड्डा?"

"मीच," आई म्हणाली.

"मग बाईचा दर लागंल. गडी दाखवा, गड्याचा लावतो."

खड्डा तोच, लांबी-रुंदी तीच. बाईनं खणला म्हटल्याबरोबर तो स्वस्त झाला. मला त्या माणसाची किळस आली, ती अजून गेलेली नाही.

मग आईनं माझ्या चुलत्याला गडी म्हणून दाखवलं. हा गृहस्थ दिवसभर बाभळीखाली बिड्या ओढत पडायचा. मोजणीला तेवढा उठायचा, धोतर झटकून खड्ड्याच्या काठावर यायचा आणि मुकादमाची शाबासकी घ्यायचा. मजुरी मिळाली की स्वतःचा वाटा आधी काढायचा. वर आईला ऐकवायचा, "वहिनी, मी हाय म्हणून पुरा दर मिळायलाय." उरायचं ते बाईच्या दराहून जरासंच जास्त असायचं. त्या जराशासाठी आई गप्प राहायची. तिच्या तळहातांवरचे फोड फुटून रक्त यायचं आणि हा शेजारी बसून तिच्याच भाकरी खायचा.

पुढं माझं लग्न ठरलं. साखरपुड्याच्या पंगतीत चुलता पाहुण्यांना सांगू लागला, "दुष्काळात ह्या दोघींना मीच जगवलं. खड्डे खांदून खांदून कंबर गेली माझी." आई त्याच्याच पानात भात वाढत होती.

मला राहवलं नाही. "काका, खड्डे आईनं खांदले. तुम्ही बाभळीखाली झोपायचात."

"पोरीला आईचं लई कौतुक हाय," तो म्हणाला.

सगळी पंगत हसली. माझा होणारा नवराही त्यांच्यासोबत हसला.