पिवळ्या गाडीचं सेवापुस्तक

हिंगोलीच्या बसस्टँडवर सकाळी आठला उतरलो. रात्रभरच्या प्रवासाने कंबर धरली होती. एका जुन्या गाडीसाठी नाशिकहून इथवर येणं म्हणजे शुद्ध खुळेपणा, असं घरच्यांचं मत आहे आणि ते मी खोडून काढू शकत नाही. गाडी दिसायला साधी, छोटी, घरगुती. पण आत सोळाशे सीसीचं इंजिन, घाटात भल्याभल्यांना मागे टाकणारं. तशीच एक माझ्याकडे वीस वर्षं आहे. तिचं इंजिन कायमचं जाम झालं, आणि हिंगोलीजवळच्या गोरेगावचे निवृत्त शिक्षक खिल्लारे गुरुजी त्यांची गाडी विकताहेत असं कळलं. फोनवर मी विचारलं होतं, "सर्व्हिस बुक आहे का?"

"हाय की. पहिल्या दिवसापासून."

त्यांच्या गाडीचं इंजिन काढून माझ्या गाडीत घालायचा बेत मात्र मी त्यांना सांगितला नव्हता.

गोरेगावची जीप भरल्याशिवाय हलेना. मी घड्याळ पाहू लागलो तसा ड्रायव्हर म्हणाला, "काहून घाई करून राहिले, साहेब? अजून चार सीटं येऊ द्या." शेवटी निघालो. सोयाबीन निघालेली काळी रानं, मध्येच फुलावर आलेली तूर. शेजारच्या बाईंनी कुणाकडे निघालात म्हणून विचारलं.

"पिवळ्या गाडीचे गुरुजी व्हय? माझं लेकरू त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. विकून राहिले का?"

मी हो म्हणालो आणि बाहेर बघत बसलो.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. दारं चेपलेली, सीटा फाटलेल्या. पण किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, आधी जेवायला बसवलं: ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी). मी तीनदा वाढून घेतली.

"डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून विकून राहिलो," गुरुजी म्हणाले, आणि कापडात बांधलेलं पुस्तक त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

मला हवी होती ती गॅरेजच्या शिक्क्यांची वही. हे सेवापुस्तक होतं, सरकारी नोकराचं असतं तसं. गुरुजींना सर्व्हिस बुक म्हणजे एवढंच ठाऊक. नियुक्ती: नांदेडच्या डॉक्टरांकडून बदलीने. वैद्यकीय रजा: सहा दिवस, रेडिएटर. जादा काम: पुसेगावची बाळंतीण हिंगोलीस, वेळेत हजर. एका पानावर चक्क कारणे दाखवा नोटीस होती, साखऱ्याच्या रस्त्यावर बंद पडल्याबद्दल. खाली गाडीच्या वतीने खुलासा: 'पेट्रोल चालकाने भरले नव्हते.' त्याखाली शेरा: 'खुलासा मान्य.'

मी मोठ्याने हसलो. गुरुजी हसले नाहीत. शेवटच्या पानावर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'बदली: नाशिक.'

"रुजू झाल्याची तारीख तुमी लिवा, तिकडं पोचल्यावर. तसा नियमच हाय."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "गुरुजी, मी फक्त इंजिन काढून घेणार होतो. बाकीची भंगारात गेली असती."

काकू वाढता वाढता थांबल्या. गुरुजींनी पुस्तक जवळ ओढलं.

"मंग ही बदली न्हाई. बडतर्फी झाली. काहून? तिचा गुन्हा काय?"

मला फार लाज वाटली. मग म्हणालो, "अख्खी नेतो. चालवतच नेतो."

"बराबर?"

"बराबर."

त्यांनी पुस्तक पुन्हा कापडात बांधून माझ्या हातात दिलं. काकूंनी वाटेसाठी भाकरी दिली. गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हा गुरुजी शेडमध्येच उभे राहिले.

परतीचा प्रवास झकास झाला. उजवीकडचं दार उघडेना म्हणून मी प्रत्येक चहाला डावीकडून उतरत होतो, एवढंच. इंजिन कुठे कुरकुरलं नाही.

नाशिकला आल्यावर रुजू तारीख लिहिली आणि त्या पानाचा फोटो गुरुजींना पाठवला. मग मेकॅनिकला बोलावून माझ्या गाडीची धड दारं आणि सीटा गुरुजींच्या गाडीला बसवायला सांगितल्या. तो माझीच गाडी सोलत होता आणि मी शेजारी उभा होतो. वीस वर्षं वापरलेल्या त्या गाडीच्या नावे मी कुठे एक ओळही लिहिलेली नव्हती.