नेल्डा गाडी मागे घेते

शेजारची नेल्डा मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या त्या चाकांवरच्या घराच्या, मागे उभी राहून हात हलवताना मी किती वर्षं पाहिली, त्याला गणती नाही. दर उन्हाळ्यात आमची दोन्ही कुटुंबं मिशिगन सरोवराकाठी तळ टाकायची. नवरा हार्लन गाडी मागे घेणार, ती मागून वाट दाखवणार. चाक जरा कशाला घासलं की हा खिडकीतून डोकं काढून सगळ्या तळाला ऐकू जाईल असा गरजायचा, "तुझा हात दिसतच नाही. आरशात दिसेल असं उभं राहा, किती वेळा सांगायचं?" ती मुकाट्याने सरकून उभी राहायची. मला वाटायचं, हातातलं उलथनं फेकून मारावं मेल्याला.

मग याला साठीत प्रेम सुचलं. घटस्फोटात घर त्याने ठेवलं आणि ती जुनी, गळकी मोटरहोम तिच्या गळ्यात मारली. वर अट, की ऑक्टोबर संपायच्या आत आवारातून हलवायची, नाहीतर भंगारात. नेल्डाला दुसरं छप्पर नव्हतं.

"मागे घेत घेत रस्त्यावर कोण काढणार?" हार्लन हसला. "शेवटी मलाच बोलावशील."

"बघू," ती म्हणाली.

ती माझ्याकडे राहायला आली आणि रोज कुंपण ओलांडून कामाला लागली. छतावर चढून फटी बुजवल्या. पलंगाखालची कुजलेली फळी उपटून नवी ठोकली. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून गुंडाळले. लग्नातला डिनर सेट चर्चच्या सेलला दिला, एक तवा आणि दोन कप ठेवले.

"दुसरा कप कुणाला?" मी विचारलं.

"तुला गं बये. येशील की."

आणि रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या रिकाम्या आवारात आमच्या जुन्या ट्रकवर सराव. मी मागे बादली ठेवायची. शेवटी शेवटी ती ट्रक बादलीला नुसता टेकवून थांबवायला लागली.

निघायच्या सकाळी बघते तर हार्लनने आपली नवी कोरी मासेमारीची बोट ट्रेलरसकट मोटरहोमच्या मागे, अर्ध्या वाटेत आणून उभी केलेली.

"हलव ती," मी म्हटलं.

"जागा रग्गड आहे. येत असेल तर निघेल," म्हणाला, आणि ऐटीत मागे उभा राहून हात हलवायला लागला. "ये, ये. येऊ दे."

गाडी सावकाश मागे आली. हार्लनचे हात आधी ये म्हणत होते, मग थांब म्हणाले, मग नुसतेच फडफडले. बोटीचा असा कडकडाट झाला की माझं काळीज थंड झालं, खोटं कशाला बोलू. नेल्डाने तिला ढकलत ढकलत पार हिरवळीवर नेलं.

आवाजाने सगळी गल्ली दारात आली. तेव्हा कुठे नेल्डाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तुझा हात दिसतच नाही, हार्लन. आरशात दिसेल असं उभं राहा, किती वेळा सांगायचं?"

आणि देवाशपथ सांगते, तो दोन पावलं सरकून उभा राहिला.