येथे पंक्चर काढून मिळेल

त्याला सगळे ट्यूब म्हणायचे. एक तर तो काकांच्या सायकलच्या दुकानात दिवसभर ट्यूबांशी झोंबायचा, आणि दुसरं म्हणजे त्याच्या डोक्यातली ट्यूब जरा उशिराच पेटायची. नववीत दुसऱ्यांदा आपटल्यावर आपण शाळा सोडली असं तो छाती काढून सांगायचा. खरं तर शाळेनंच त्याला सोडलं होतं. तेव्हा हुश्श म्हणालेले वर्गशिक्षक अजून त्याच्याकडेच हवा भरायला यायचे आणि त्याच्याकडे न बघता निघून जायचे.

मित्र दोनच. कपडे शिवणारा मास्टर, आणि झेरॉक्सच्या दुकानातला बॅटरी. बॅटरीचा चष्मा एवढा जाड की उन्हात कागद पेटावा. त्याच्या मशीनवर सहा वर्षं कॅलेंडरचं एकच पान चिकटवलेलं होतं. परदेशातला डोंगर, टोकावर बर्फ, पायथ्याला निळंशार तळं. तारखा केव्हाच फाटल्या, डोंगर तसाच राहिला.

"एकदा तिथं वर उभं राहायचं," बॅटरी म्हणायचा. बाकी आयुष्याकडून त्यानं दुसरं काही मागितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणून स्वस्तातली तिकिटं मिळाली, दोनदा विमान बदलायचं आणि विमानतळाच्या बाकावर अकरा तास काढायचे अशी, तेव्हा तिघंही निघाले. ट्यूबनं अट घातली, "दहा दिवस मी टायरला हात लावणार नाही. कुणी विचारलं तर मी इंजिनिअर."

"कसला इंजिनिअर?" मास्टरनं विचारलं.

"परदेशात कोण एवढं खोलात जातंय!"

तंबू विकत घेणं झेपणारं नव्हतं. मास्टर म्हणाला, मी शिवतो. दुकानाचा जुना फ्लेक्स माळ्यावर पडून होता, तो ट्यूबनंच आणून दिला. आपण काय आणून दिलं हे त्याला डोंगराखालच्या मैदानावर तंबू उभा राहिल्यावर कळलं. भडक पिवळा रंग. एका उतारावर लाल अक्षरांत "येथे पंक्चर", दुसऱ्यावर "काढून मिळेल". दारावर भलंमोठं चाक, आणि चाकातून निघालेला बाण सरळ आत.

"अरे, छापलेली बाजू आत घ्यायची ना लेका!"

"छापलेल्या बाजूवरून पाणी ओघळतं," मास्टर म्हणाला. "शिवण मला शिकवतोस?"

"इथं वाचता कुणाला येतंय," बॅटरीनं मिटवलं. त्याचं लक्ष डोंगराकडे होतं.

डोंगरावर जायचा परवाना दुसऱ्या दिवसाचा होता, फक्त त्या एकाच दिवसाचा. सकाळी आठ वाजता वर जायचं फाटक बंद. मैदानाजवळून सातची बस. बॅटरीनं परवान्याच्या नऊ कॉप्या काढून तिघांच्या खिशांत वाटल्या होत्या.

सकाळी सहाला बॅटरी बूट घालून तयार होता. स्टोव्हवर अंडी उकडत होती. तेवढ्यात तंबूसमोर साठीची एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर हेल्मेट, हातात सायकल, मागचं चाक बसलेलं. तिनं फ्लेक्सवरच्या चाकाकडे बोट दाखवलं, मग आपल्या चाकाकडे, आणि गोड हसली.

"नो, नो," ट्यूब छातीवर हात आपटत म्हणाला. "मी इंजिनिअर. इंजिनिअर!"

बाईचा चेहरा उजळला. "इंजिनिअर!" तिनं मागे वळून हाक दिली. झाडीमागून आणखी दोन सायकली आल्या. दोन्हींची हवा गेलेली. रस्त्यावर कुठेतरी काटे पसरले असणार.

"सांग, दुकान बंद आहे," मास्टर खिदळला.

"कुठल्या भाषेत? आणि मावशी बघ ना कशी बघतेय."

ट्यूबनं मोज्याच्या गुंडाळीतून डबी काढली. पॉलिश पेपर, सोल्यूशन, पाच पॅच.

"म्हणजे आणलं होतंस!"

"तू सुई घरी ठेवून आलास का?" ट्यूब खेकसला, आणि बॅटरीला म्हणाला, "पाच मिनिटं."

अंडी बाहेर आली, ट्यूब भांड्यात बुडाली, बुडबुडे आले. मावशीचं काम खरंच पाच मिनिटांत झालं. दुसऱ्या सायकलला तीन काटे निघाले. तिसरीला तो नाही म्हणू शकला असता. पण एव्हाना भोवती सात-आठ माणसं जमली होती, एक जण फोटो काढत होता, आणि ट्यूब "लुक, लुक" करत रबर कसं घासायचं ते सगळ्यांना शिकवत होता. त्याच्यासमोर माणसं एवढी गप्प बसून ऐकताहेत, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. गडी फुगला. शेवटचा पॅच त्यानं जरा हात उंच करूनच लावला, फोटोत नीट यावा म्हणून.

टाळ्या थांबल्या तेव्हा बस वळणावरून दिसेनाशी होत होती.

बॅटरी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत उभा होता. तो ओरडला की काळजी नसते. तो चष्मा पुसायला लागला की संपलं.

"शिवी दे ना," ट्यूब म्हणाला.

"पाच मिनिटं म्हणालास," बॅटरी म्हणाला. बस्स.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. त्यानं परवान्याची एक कॉपी मावशीच्या हातात कोंबली. आठाच्या आकड्यावर बोट ठेवलं, रिकाम्या रस्त्यावर, मग बॅटरीवर, आणि दोन्ही हातांनी हवेत डोंगर काढला. मावशीनं घड्याळ बघितलं, कुणावर तरी ओरडली, आणि दोन सायकली पुढे आल्या.

"दोनच? आपण तिघं."

"बॅटरीला कुठे येते सायकल! डबलसीट घेतो."

सगळा चढ. पुढे मास्टर, मागे ट्यूब, त्याच्या कॅरिअरवर बॅटरी.

"उतरू का रे?"

"गप बस. डावीकडे झुकू नकोस फक्त."

शेवटच्या वळणावर फाटक दिसलं आणि मागचं चाक फुस्स झालं. ट्यूबला वाकून बघायचीही गरज नव्हती. डबीत पॅच नव्हता. तो फोटोत गेला होता.

"मास्टर! ह्याला घे मागे!"

"आणि तू?" बॅटरी जागचा हलेना.

"आलोच मागून."

"तुझ्याकडे पॅच नाहीत."

"इंजिनिअरला पॅच लागत नाहीत. जा म्हणतो ना!"

ते गेले. ट्यूब सायकल ढकलत पळत सुटला आणि आठ वाजून दोन मिनिटांनी फाटकावर पोचला. आडवा दांडा खाली आला होता.

"काका, दोनच मिनिटं हो!"

फाटकवाल्या काकांनी मान हलवली. ह्या नाहीला भाषा लागत नाही. पलीकडे बॅटरी थांबला होता, परत यायच्या बेतात. ट्यूब गावभर ऐकू जाईल असा ओरडला, "मागे फिरलास तर तंगडं तोडीन! सहा वर्षं त्या कागदाकडे काय उगाच बघत होतास?"

मग दिवसभर तो फाटकाच्या बाकावर बसला. तिघांची अंडी त्याच्याच पिशवीत राहिली होती, ती त्यानं एकट्यानं खाल्ली आणि वर स्वतःलाच हावरट म्हणाला. काकांना सगळी हकीकत मराठीत सांगितली, तेही हं हं करत राहिले. दुपारी टोकावर ढग बसला तेव्हा मात्र त्याला बसवेना. "हो ना बाबा बाजूला," तो ढगाला म्हणाला. "त्याला आधीच कमी दिसतं."

चारला दोघं उतरले. बॅटरीचं नाक उन्हानं लाल झालं होतं. तो येऊन शेजारी बसला.

"दिसलं?" ट्यूबनं विचारलं.

"ढग हटल्यावर दिसलं." बॅटरीनं लाल नाक चोळलं. "तळं निळं नाहीये. हिरवं आहे. कॅलेंडरवाल्यानं रंग चढवलाय."

"मग?"

"मग काय, कॅलेंडरपेक्षा भारी. आणि खाली एक पिवळा ठिपका. मी म्हटलं, फुलं असतील. मास्टर म्हणाला, फुलं कसली, माझी शिलाई आहे." त्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही. "उतरताना मास्टरला जवळून दिसलं, तंबूबाहेर सायकलींची लाइन लागलीय."

"फेकू नकोस."

"मास्टरला विचार."

"सात-आठ तरी असतील," मास्टर म्हणाला.

ट्यूब ताडकन उठला. "आणि हे आत्ता सांगताय? माणसं उन्हात उभी असतील रे! पॅच संपलेत, आता त्यांना सांगायचं काय?"

"तूच सांग," बॅटरी म्हणाला आणि बसलेल्या चाकाची सायकल त्यानं स्वतःच ढकलायला घेतली. "चला, इंजिनिअर."